चार रूममेट, एक सतरंजी: बोर्ड गेम निवडायचा कसा, शिकवायचा कसा

खोक्यावरचं चित्र बघून घेतलेला गेम बहुतेक वेळा दोनदा खेळला जातो आणि मग कपाटावर जाऊन बसतो. गेम चांगला असतो, पण त्या घरातल्या माणसांना आणि त्यांच्या वेळेला तो बसत नाही. म्हणून आधी माणसं मोजायची, मग खोका बघायचा.

माणसं आणि वेळ

बुधवारी रात्री साडेनऊला घरात नक्की किती जण असतात? रविवारचा आकडा धरू नका. फ्लॅटमध्ये पाच जण राहत असतील, एकाची रात्रपाळी आणि एक मैत्रिणीच्या लग्नाच्या गडबडीत असेल, तर तुमचा गेम तीन जणांत चांगला चालायला हवा. पाच जणांच्या फ्लॅटमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे ‘कॅटान’ची खरेदी. मूळ खोका फक्त ३ ते ४ जणांसाठी असतो. पाचव्या-सहाव्या माणसासाठी वेगळा जोडखोका विकत घ्यावा लागतो आणि हे सगळे जमून बसल्यावरच लक्षात येतं. ‘टिकट टू राइड’ २ ते ५ जणांत चालतो. ‘जयपूर’ फक्त दोघांचा. ‘सेव्हन वंडर्स’ ३ ते ७ जणांचा, आणि त्यात सगळे एकाच वेळी पत्ता निवडतात, त्यामुळे माणसं वाढली तरी वेळ फारसा वाढत नाही. मोठ्या कंपूसाठी हा गुण फार मोलाचा.

खोक्यावर लिहिलेली वेळ ही खेळ येणाऱ्यांची वेळ असते. पहिल्या डावाला ती दुप्पट धरा, शिवाय मांडणीची दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर खोक्यावर ४५ मिनिटांपेक्षा जास्त लिहिलेला नवा गेम आठवड्याच्या मधल्या वारी उघडू नका.

‘बोर्डगेमगीक’ या संकेतस्थळावर प्रत्येक गेमच्या पानावर दोन गोष्टी नक्की बघा. एक, किती जणांत तो सगळ्यात चांगला रंगतो याबद्दल खेळणाऱ्यांनी दिलेली मतं. खोक्यावर ‘२–५’ असलं तरी लोक ‘४’ म्हणत असतील तर त्यांचं ऐका. दुसरी, १ ते ५ या मापातली अवघडपणाची पातळी. घरातल्या पहिल्या तीन-चार गेमसाठी २.५ च्या वर जाऊ नका.

आधी पत्त्यांत काय आवडतं ते विचारा

आपल्याकडे कुणीच अगदी कोरा नसतो. लहानपणी सुट्टीत प्रत्येकाने काहीतरी खेळलेलं असतं आणि त्यावरून आवड बरोबर कळते. रमीत रंग जुळवत बसायला आवडणाऱ्याला ‘टिकट टू राइड’ लगेच आवडतो, कारण तिथेही एकाच रंगाचे पत्ते साठवायचे आणि योग्य वेळी टाकायचे असतात. मेंढीकोटात जोडीदाराच्या हातात काय असेल याचा अंदाज बांधण्यात ज्यांना मजा येते, त्यांना ‘द क्रू’ द्या. हुकूम आहे, रंगाला रंग लावायचा आहे, पण इथे सगळे एकाच बाजूला असतात आणि आपल्या हातातले पत्ते सांगता येत नाहीत. ‘व्यापार’मध्ये सौदे करण्यात रमणाऱ्यांसाठी ‘कॅटान’. दमशेराजमध्ये आरडाओरडा करणाऱ्यांसाठी ‘कोडनेम्स’.

आणि ज्याला खेळात हरलं की दोन दिवस बोलावंसं वाटत नाही, असा कुणी घरात असेल तर एकमेकांचं नुकसान करायला लावणारे गेम बाजूला ठेवा. ‘पँडेमिक’सारखा सगळ्यांनी मिळून खेळायचा गेम घ्या. त्यात रोगाच्या साथीच्या पत्त्यांची संख्या ४, ५ किंवा ६ ठेवून अवघडपणा बदलता येतो. पहिल्या डावाला ४.

खरेदी

शहरात बोर्ड गेम कॅफे असेल तर आधी तिथे एक डाव खेळून बघा. ऑनलाइन फारच स्वस्त मिळणारे खोके पुष्कळदा नकली असतात: पत्ते पातळ, पाठीचे रंग कमीजास्त, म्हणजे उलटा पत्ताही ओळखू येतो आणि खेळच मोडतो. खोका आला की त्याच दिवशी नियमपुस्तिकेतल्या यादीनुसार तुकडे मोजा.

चौघांनी वर्गणी काढून एक गेम घेऊ नका. भाडेकरार संपतो, एक जण बंगळुरूला जातो, आणि मग खोका कुणाचा यावर रुसवे होतात. प्रत्येकाने एकेक घ्यावा. चार गेम होतात आणि जाताना ज्याचा त्याने न्यावा.

शिकवणं

संध्याकाळ रंगते की फसते हे इथे ठरतं. चौघांनी गोल बसून नियमपुस्तिका मोठ्याने वाचायची, हा शिकण्याचा सगळ्यात वाईट मार्ग. एकाने आदल्या दिवशी पुस्तिका वाचावी आणि एकट्याने दोघांच्या वतीने चार-पाच पाळ्या खेळून बघाव्यात. मंडळी येण्याआधी पट मांडून ठेवावा.

सांगताना क्रम असा ठेवा: आपण कोण, जिंकायचं कशाने, पाळीला काय करायचं, खेळ कधी संपतो. पट कुठे मांडायचा आणि पत्ते कसे पिसायचे हे त्यात नको, ते तुम्ही करून ठेवलंय. ‘टिकट टू राइड’ इतकाच सांगावा:

“आपण नकाशावर रेल्वेमार्ग टाकतोय. जितका लांब मार्ग, तितके जास्त गुण. हातातल्या तिकिटावरची दोन शहरं जोडली तर तिकिटाचे गुण मिळतात, नाही जोडली तर तेवढेच वजा होतात. पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची: पत्ते घ्या, नाहीतर मार्ग टाका, नाहीतर नवी तिकिटं घ्या. प्रत्येकाकडे ४५ डबे आहेत. कुणाकडे दोन किंवा त्याहून कमी उरले की सगळ्यांना एकेक शेवटची पाळी.”

एवढं दोन मिनिटांत होतं. उघडा पडलेला इंजिनाचा पत्ता (जो कुठल्याही रंगाच्या जागी चालतो) घेतला की त्या पाळीला दुसरा पत्ता घेता येत नाही, हे कुणी त्या पत्त्याला हात घातल्यावर सांगा. मात्र काही नियम आधीच सांगावे लागतात, कारण ते उशिरा कळले की माणूस फसवल्यासारखा चिडतो. दोन किंवा तीन जण असतील तर जोडमार्गातला, म्हणजे त्याच दोन शहरांमधल्या शेजारच्या दोन मार्गांतला, एकच वापरता येतो, हा तसाच नियम. कुणाची योजना ज्याने कोसळेल तो नियम आधी, बाकीचे वाटेत.

‘कॅटान’मध्ये नवखा माणूस खेळ सुरू होण्याआधीच हरतो, कारण पहिल्या दोन वस्त्या तो कुठेही ठेवतो. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ६ पडण्याच्या पाच, ८ पडण्याच्याही पाच. २ आणि १२ पडण्याची फक्त एकेक. पटावरच्या जमिनींवर आकड्यांच्या चकत्या असतात आणि तो आकडा पडला की शेजारच्या वस्तीला माल मिळतो; चकतीवर खाली जे ठिपके असतात ते हेच सांगतात. “ठिपक्यांची बेरीज जास्त असेल तिथे बसा, आणि लाकूड-विटा कुठून येणार ते बघा, कारण त्याशिवाय रस्ता नाही,” एवढं सांगितलं तरी पुरे. पहिल्या डावाला पुस्तिकेत नवख्यांसाठी दिलेली ठरलेली मांडणीच वापरा. सौदा फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशी होतो; बाकीच्यांनी आपसात देवाणघेवाण करायची नाही. हा नियम जवळजवळ प्रत्येक घरात मोडला जातो आणि मग खेळ लांबतो.

पहिला डाव सरावाचा, असं आधीच जाहीर करा. अर्ध्यावर कुणाला वाटलं की आता कळलं, पुन्हा सुरू करू, तर खुशाल करा.

कॅरमच्या सोंगट्यांवर मराठी ‘कोडनेम्स’

घरात कॅरम असेल तर आज रात्रीच हा खेळ खेळता येईल. व्लाडा ख्वातिल यांचा ‘कोडनेम्स’ २०१५ मध्ये आला. २५ शब्द पाच-बाय-पाच मांडतात. दोन गट, पहिल्या गटाचे ९ शब्द, दुसऱ्याचे ८, तटस्थ ७ आणि एक घातकी शब्द. तो निवडला की गट तिथेच हरतो. कॅरममध्ये पांढऱ्या ९, काळ्या ९ आणि एक राणी. म्हणजे दोन्ही गटांच्या सोंगट्या तयार आणि राणी घातकी शब्दासाठी. तटस्थ शब्दांवर ठेवायला राजम्याचे सात दाणे घ्या.

साधारण ६ बाय ४ सेंटीमीटरच्या शंभर चिठ्ठ्या कापा. निम्म्यांवर साधे शब्द लिहा: छत्री, विहीर, वकील, डबा. निम्म्यांवर दोन-तीन अर्थांचे, आणि मराठीत त्यांना तोटा नाही: पान, सर, घाट, डाव, पट, नाव, पाट, कात, वात, हार, वर, गार, माळ, कळ, अंक, तार, पूर, मान. चौकडीच्या कागदावर, कुठल्या जागेचा शब्द कुणाचा हे दाखवणारे पाच-बाय-पाचचे दहा नकाशे करा, पाचांत पांढऱ्याचे ९ आणि पाचांत काळ्याचे ९. ज्याचे ९, तो गट सुरुवात करतो. प्रत्येक नकाशा चारही दिशांनी फिरवता येतो, म्हणजे चाळीस झाले.

दोन्ही गटांचा एकेक जण नकाशा बघतो आणि आपल्या गटाला फक्त एक शब्द आणि एक आकडा सांगतो. आकडा म्हणजे त्या इशाऱ्यात किती शब्द बसतात. गट सांगितलेल्या आकड्यापेक्षा एकच जास्त शब्द निवडू शकतो. दुसऱ्याचा किंवा तटस्थ शब्द निघाला की पाळी गेली.

समजा तुमचे शब्द ‘पूर’, ‘घाट’ आणि ‘नाव’ आहेत, आणि घातकी शब्द आहे ‘पाट’. पटकन ‘नदी, ३’ म्हणावंसं वाटतं, कारण तुमच्या डोळ्यासमोर जेवायला बसायचा पाट आहे. पण गटातल्या शेतकऱ्याच्या मुलीला पाट म्हटलं की आधी कालव्याचं पाणी दिसतं, आणि डाव संपतो. ‘चंद्रभागा, ३’ म्हणा. घाट, नावा आणि पूर तिथे आहेत, पाट चटकन आठवत नाही. या खेळाची सगळी गोडी इथे आहे: समोरच्याच्या डोक्यात शब्द कोणत्या अर्थाने उभा राहील, याचा विचार. म्हणूनच वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या रूममेटांत तो फार रंगतो.

मराठीसाठी दोन गोष्टी आधी ठरवा. पटावरच्या शब्दाचं कुठलंही रूप इशारा म्हणून चालणार नाही: ‘नाव’ असताना ‘नावाडी’ नाही, ‘पूर’ असताना ‘पंढरपूर’ नाही. आणि प्रत्यय लावलेले शब्द, म्हणजे ‘पाण्यात’, ‘घरावर’, हे इशारे बाद. इशारा देणाऱ्याने तोंडाने, भुवयांनी, सुस्काऱ्याने काहीही सुचवायचं नाही.

बिघडतं कुठे

सगळ्यांनी मिळून खेळायच्या गेममध्ये एक जण, बहुधा ज्याने गेम आणला तोच, सगळ्यांच्या पाळ्या खेळायला लागतो. बाकीचे तिघे मोबाईल काढतात. यावर उपाय एकच: ज्याची पाळी त्याने आधी आपला विचार बोलायचा, आणि त्याने विचारल्याशिवाय बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. हे खेळ सुरू होण्याआधी ठरवा, मध्येच सांगितलं तर ते त्या माणसाला लागतं.

‘मोनोपॉली’ तीन-तीन तास चालते याचं कारण बहुतेक घरांत खेळाच्या नियमांपेक्षा घरचे नियमच जास्त असतात. दंडाचे आणि कराचे पैसे पटाच्या मध्ये ठेवून नंतर कुणीतरी उचलायचे, हा मूळ नियमांत नाहीच. उलट, कुणी जागा विकत घेतली नाही तर तिचा लगेच लिलाव करायचा, हा मूळ नियम कुणी पाळत नाही. लिलाव करा, पैसे बँकेत जमा करा. खेळ बराच आटोपशीर होतो. दिवाळं निघालेला माणूस मात्र तरीही नुसता बसून राहतो, म्हणून मुक्कामी पाहुणे असताना हा गेम टाळलेला बरा.

विचार करत बसणाऱ्याला घाई करून फायदा नसतो, तो आणखी गोंधळतो. त्याच्या आधीच्या माणसाची पाळी चालू असतानाच “पुढची तुझी” एवढं सांगा. उशिरा येणाऱ्यासाठी चौघांना ताटकळत ठेवू नका, तोवर वीस मिनिटांचा छोटा गेम काढा.

जागा

टेबल लहान असेल तर सतरंजी बरी, पण खाली बसून तासाभराने गुडघे बोलायला लागतात, उशा जवळ ठेवा. छताचा पंखा पत्ते उडवतो. एकवर ठेवा किंवा पत्त्यांच्या गठ्ठ्यावर एक फासा ठेवा. फासे ताटात रुमाल अंथरून टाका, कपाटाखाली जात नाहीत आणि दहानंतर खालच्या मजल्यावर आवाजही जात नाही. चहाचे कप पटाच्या पातळीवर नकोत, मागे स्टुलावर. चिवडा वाटीत आणि चमच्याने. तेलकट बोटांचा डाग पत्त्यावरून कधीच जात नाही, आणि तो पत्ता मग सगळ्यांना पाठीवरून ओळखू येतो.

पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, पत्ते चिकटतात. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या खोक्यात टाका आणि खोका बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. प्रत्येक रंगाचे तुकडे वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा, पुढच्या वेळी मांडणी निम्म्या वेळात होते. आवरताना तुकडे मोजूनच झाकण लावा. एखादा कमी निघाला तर तो अजून सतरंजीच्या घडीत असतो, सकाळी झाडूबरोबर जातो.