मुंग्यांची छोटी वसाहत घरी सांभाळताना

मुंग्या पाळायच्या म्हटले की बहुतेक जण आधी काचेचे सुरेख घर शोधू लागतात, पण पहिला प्रश्न राणीचा असतो. राणीशिवाय आणलेल्या कामकरी मुंग्या काही आठवडे, फार तर काही महिने तग धरतात आणि त्यांची जागा घ्यायला नव्या कामकरी जन्मत नसल्याने एकेक करून संपतात. राणी ओळखायची ती केवळ आकारावरून नव्हे. तिची छाती फुगीर व भरदार असते आणि नीट पाहिले तर गळून गेलेल्या पंखांचे बारीक व्रण तिच्या दोन्ही बाजूंना दिसतात. जमीन खणून मोठी वसाहत काढण्याच्या फंदात पडू नये, कारण राणी सहसा खोल असते आणि फावडे तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत सगळेच उद्ध्वस्त झालेले असते. दगडाखाली, कुजक्या ओंडक्यात किंवा पोकळ काटकीत राहणारी वीस-तीस मुंग्यांची, अंडी आणि अळ्या असलेली वसाहत मऊ कुंचल्याने डबीत घ्यावी आणि दगड होता तसा परत ठेवावा. संरक्षित क्षेत्रातून मात्र काहीही उचलू नये.

एवढ्या वसाहतीला घर म्हणून साधी परीक्षानळी उत्तम. सुमारे १५ सेंटिमीटर लांब व १६ मिलिमीटर रुंद नळीत एक तृतीयांश पाणी भरावे आणि कापसाचा घट्ट बोळा पाण्याला टेकेपर्यंत आत सारावा. बोळा ओला व्हावा, पण नळी आडवी केल्यावर पाणी पुढे झिरपू नये. हे जमायला दोन-तीन प्रयत्न लागतात. माझ्या पहिल्या नळीत बोळा सैल राहिला आणि सकाळी सगळी अंडी पाण्यात तरंगत होती. तेव्हापासून मी प्रत्येक नळी आधी रात्रभर रिकामी आडवी ठेवून पाहतो. मुंग्या ओल्या बोळ्याजवळ अंडी-अळ्यांचा ढीग रचतात आणि कोश बहुधा थोड्या कोरड्या बाजूला नेतात. नळीवर गडद कागद गुंडाळावा; लाल पारदर्शक कागदही चालतो, कारण बहुतेक मुंग्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही.

नळीचे तोंड एका छोट्या डब्यात उघडे ठेवले की तोच त्यांचा फिरण्याचा आणि खाण्याचा परिसर होतो. डब्याच्या आतल्या भिंतीला वरच्या कडेखाली तीन-चार सेंटिमीटरचा पट्टा टाल्कम पावडर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांच्या पातळ मिश्रणाने रंगवावा. हे काम ज्योतीपासून दूर करावे आणि पट्टा पूर्ण सुकल्यावरच मुंग्या आत सोडाव्यात. त्या चढू लागल्या की पायाखालची पावडर निसटते आणि त्या घसरून खाली येतात. दमट हवेत हा पट्टा निकामी होतो, म्हणून तो अधूनमधून तपासावा. घर मोठे करण्याची घाई तर मुळीच नको: जागा जास्त झाली की मुंग्या तिचे कोपरे उकिरड्यासाठी वापरू लागतात आणि तिथे बुरशी धरते.

मुंगीला साखर लागते हे सर्वांना ठाऊक असते, पण वसाहत वाढते ती प्रथिनांवर. एक भाग साखर आणि तीन-चार भाग पाणी असे मिश्रण कापसाच्या छोट्या तुकड्यावर द्यावे. मोठ्या थेंबात लहान मुंग्या बुडतात. जोडीला आठवड्यातून दोनदा फळमाशी किंवा अळीचा तुकडा द्यावा. कीटक उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून घ्यावा, म्हणजे तो झटपट मरतो आणि त्याच्या अंगावरचे कोळीवर्गीय परजीवीही मरतात. कीटकनाशक फवारलेल्या जागेवरचा कीटक कधीही देऊ नये. प्रौढ मुंगी घन घास गिळू शकत नाही. कामकरी मुंगी माशीचा तुकडा आत ओढून नेते, अळ्यांच्या अगदी तोंडाशी ठेवते आणि एरवी निश्चल पडलेल्या त्या पांढुरक्या अळ्या मान वाकवून तो चावू लागतात. साखरपाणी मात्र कामकरी पोटातल्या वेगळ्या पिशवीत साठवून आणते आणि तोंडाला तोंड लावून राणीसह सर्वांना वाटते. उरलेले खाणे दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढून टाकावे.

साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान बहुतेक उष्णप्रदेशीय जातींना मानवते. नळीवर थेट ऊन पडू देऊ नये; बंद काचेत काही मिनिटांतच सारे मरू शकते. नळी वारंवार उचलून पाहण्याचा मोह आवरावा, कारण सततच्या हादऱ्यांनी बिथरलेली वसाहत स्वतःचीच अंडी खाते. आठवड्यातून एकदा कागद हळूच सरकवून राणी आणि अळ्या पाहणे पुरेसे आहे.

बोळा फार काळवंडला किंवा पाणी संपत आले की मुंग्या झटकून बाहेर काढू नयेत. नव्या नळीचे तोंड जुन्या नळीच्या तोंडाशी चिकटपट्टीने जोडावे, नवी झाकावी आणि जुनी उजेडात ठेवावी. काही वसाहती तासाभरात सामान हलवतात, तर काही चार दिवस हटत नाहीत, तेवढे थांबावे. पुढे सांभाळणे जमेनासे झाले, तर ही वसाहत जिथून आणली तिथेच सोडावी, आणि दुसऱ्या प्रदेशातून आलेली जात असेल तर ती बाहेर कुठेच सोडू नये.