इंजिन खडखडतंय? पाना हातात घेण्याआधीची तयारी

बाईकच्या इंजिनातून खडखड यायला लागली आणि घरीच बघायचं ठरवलं असेल तर काम दोन दिवसांत वाटून घ्या, पहिल्या दिवशी नुसतं ऐकायचं, खोलायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) पूर्ण थंड इंजिनवरच मोजतात, आणि आवाज ओळखायचा तर इंजिन थंडही ऐकावं लागतं आणि गरमही. घाईत दोन्ही एकत्र केलं की मापं चुकतात आणि आवाज तसाच राहतो.

ऐकण्याच्या दिवशी सामान फारसं लागत नाही. मोकळी जागा हवी, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रेकॉर्डिंगला मोबाइल, एक लांब स्क्रू ड्रायव्हर, जाड हातमोजे आणि तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल, हे शेवटचं आधीच डाउनलोड करून ठेवा कारण पुढची सगळी मापं त्यातूनच घ्यायची आहेत.

स्टार्ट करण्याआधी ऑइल बघा. गाडी सपाट जागी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर लेव्हल चुकीची दिसते. ऑइल कमी असेल तर आधी ते भरा, कधीकधी आवाज तिथेच मिटतो. मग सायलेन्सरची शील्ड, क्लॅम्प, चेन कव्हर, इंजिन माउंटिंगचे बोल्ट, सगळं हाताने हलवून बघा आणि सैल असेल ते आवळा. बाहेरचा एखादा ढिला पत्राही इंजिन गेल्यासारखा वाजतो, हे तपासल्याशिवाय आत हात घालू नकाच.

आता थंड इंजिन स्टार्ट करून रेकॉर्डिंग करा, पूर्ण गरम झाल्यावर परत करा. थंड असताना ठकठक आणि गरम झाल्यावर कमी झाली तर पिस्टनचा संशय घ्यायचा, न्यूट्रलमध्ये खडखड आणि क्लच दाबला की बंद तर क्लच बास्केटकडे (क्लचच्या प्लेटा धरणारा भाग) किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बघायचं, वरून बारीक टिकटिक म्हणजे बहुतेक टॅपेट, आणि रेस सोडताना साखळी घासल्यासारखी खरखर आली तर टायमिंग चेन (व्हॉल्व्ह चालवणारी आतली साखळी) किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर. चढावर जोर देताना किणकिण येत असेल तर इंधन किंवा हेडमधला (सिलिंडरच्या वरचा भाग) कार्बन, त्याला टॅपेट सेट करून काही होणार नाही. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतो तो मुख्य दांडा) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे १२०० आरपीएमला एका व्हॉल्व्हची टिकटिक सेकंदाला १० आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीला येणारा आवाज सेकंदाला २०, कानाला हे मोजता येत नाही पण रेकॉर्डिंग हळू करून ऐकलं की फरक कळतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडवर, सिलिंडरवर, क्लच कव्हरवर एकेक करून टेकवा आणि मूठ कानाला लावा, जिथे मोठं ऐकू येतं तिथे खूण करा, फक्त फिरत्या भागापासून लांब राहा आणि सैल बाह्यांचे कपडे घालू नका.

खालून जड धक्क्यासारखी ठोक येत असेल आणि लोड दिल्यावर वाढत असेल तर इंजिन तिथेच बंद करा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग असू शकतं, ते घरचं काम नाही, गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

टॅपेटच असतील तर रात्रीच सामान काढून ठेवा: फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॅपेटचा स्क्रू धरायची चावी, मापाचे रिंग पाने, प्लग पाना, टॉर्क रेंच, टॉर्च, स्वच्छ फडकी, नट-बोल्ट ठेवायला डबी. टॅपेट कव्हरचा नवा ओ-रिंग किंवा गॅस्केट आधीच आणा, जुना परत बसवला की ऑइल गळतं. काही इंजिनांत स्क्रूऐवजी शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) असतात, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, तसं असेल तर हे सामान चालणार नाही. ऑइलही बदलणार असाल तर जासो एमए (ऑइलमध्ये बुडणाऱ्या क्लचसाठीच्या बाईक ऑइलचा दर्जा) लिहिलेलंच घ्या, क्लच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि कारचं ऑइल टाकलं तर तो स्लिप होऊ शकतो. काढलेल्या ऑइलमध्ये चमकणारे धातूचे तुकडे दिसले तर पुढे काहीच करू नका, मेकॅनिकला दाखवा.

सकाळी प्लग काढा म्हणजे क्रँक हाताने हलका फिरतो, मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाचं चाक) टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण, केसवरच्या खुणेशी जुळवा आणि दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) थोडे हलतात का बघा, हलत नसतील तर क्रँक अजून एक पूर्ण फेरी फिरवा. छोट्या सिंगल सिलिंडर इंजिनांत गॅप बहुतेक ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण आकडा मॅन्युअलचाच घ्यायचा. फिलर गेजची पट्टी फटीत थोडी ओढ लागून सरकली पाहिजे. लॉक नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा. आणि आवाज पूर्ण जावा म्हणून गॅप कमी करू नका, घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो, त्यापेक्षा थोडी टिकटिक कितीतरी बरी.

कव्हर लावण्याआधी क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवून काही अडकत नाही ना बघा, बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कनेच आवळा कारण ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात. प्लग लावून स्टार्ट करा, गरम होऊ द्या, मग नवं रेकॉर्डिंग करून आदल्या दिवशीच्या शेजारी लावून ऐका. खडखड तशीच असेल तर टॅपेटला परत हात लावू नका, टायमिंग चेनकडे वळा, आणि टेन्शनर काढलेला असताना क्रँक अजिबात फिरवू नका, चेनचा दात सुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात.