जुन्या गाडीचा दरवाजा लोंबतोय? बिजागऱ्या बदलताना या चुका टाळा

पद्मिनी असो की ॲम्बेसेडर, ‘दरवाजा उचलून लावावा लागतो’ ही तक्रार ठरलेली. त्यावरचा उपायही ठरलेला: नव्या बिजागऱ्या मागवायच्या. पहिली चूक इथेच होते, कारण दोष दरवेळी बिजागरीत नसतो.

दरवाजा अर्धा उघडा, कुलपाच्या बाजूची कड खालून धरा आणि वर-खाली हलवा. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च धरून बिजागऱ्यांकडे बघायला सांगा. पिनेभोवती पानं (बिजागरीच्या दोन पट्ट्या) खुळखुळत असतील तर पिन किंवा बुश (पिनेभोवतीची नळी) झिजलंय. पान खांबावर, म्हणजे दरवाजा ज्यावर टांगलेला असतो त्या बॉडीच्या उभ्या भागावर, सरकत असेल तर नुसते स्क्रू सैल आहेत. पण पानासकट खांबाचा पत्राच आत-बाहेर होत असेल, तर पत्र्याला तडा गेलाय किंवा तो आतून गंजलाय. अशा खांबावर नव्या बिजागऱ्या चढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

याहून फसवा प्रकार दरवाजाखालच्या पेटीचा, म्हणजे उंबऱ्यासारख्या पोकळ पत्र्याच्या भागाचा. या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच पेलते आणि त्यातला मोठा वाटा या पेटीवर असतो. पाणी निघून जायची तिची भोकं चिखलाने बुजली की मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसात ती आतून सडत जाते, वरून रंग मात्र शाबूत दिसतो. पेटी खचली की गाडी मधोमध किंचित झुकते आणि दरवाजा अडकू लागतो. म्हणून गाडी चारही चाकांवर उभी असताना दरवाजाभोवतीच्या फटी बघा, मग जॅकवर उचलून पुन्हा बघा. डोळ्याला दिसेल इतका फरक पडला, तर आधी पत्रेकाम करा. बिजागऱ्यांचं नंतर बघता येईल. फटी जुळवण्याचं कामही याच कारणासाठी गाडी चाकांवर असतानाच करायचं. जॅकवर जुळवलेला दरवाजा गाडी खाली घेतली की पुन्हा घासतो.

दोष बिजागरीचाच ठरला, तर दरवाजा उतरवण्याआधी जुन्या पानाभोवती खांबावर आणि दरवाजावर टोकदार सुईने बारीक रेघ मारून घ्या. मार्कर वापरू नका, तेल लागलं की त्याची खूण पुसली जाते. पानाखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतील तर त्या कुठल्या बिजागरीखालच्या, हे लिहून ठेवा. आत वायर गेली असेल तर आधी ती सोडवा. दरवाजा जास्त उघडू न देणारा पट्टा त्यानंतर सोडा आणि पुढे दरवाजा हाताने धरूनच ठेवा. नाहीतर पुढचा दरवाजा गरजेपेक्षा जास्त उघडून पुढच्या मडगार्डवर आदळतो.

दरवाजा एकट्याने उतरवायला जाऊ नका. काच आणि यंत्रणेसकट तो वाटतो त्यापेक्षा बराच जड असतो. खाली ट्रॉली जॅक, त्यावर लाकडी फळी आणि जाड गोधडी ठेवा, शिवाय एक माणूस कायम दरवाजा धरून. जॅकने फक्त वजन पेला, दरवाजा वर ढकलू नका.

स्क्रू इतकी वर्षं रंगाखाली गंजून बसलेले असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावला की खाच गोल होते आणि पुढे ड्रिल मारण्याशिवाय मार्ग उरत नाही. खाचेतला रंग आधी खरवडून काढा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या, मग नेमक्या मापाचा बिट लावलेल्या आणि हातोडीने ठोकायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवा. काही गाड्यांत हे स्क्रू खांबाच्या आत सैल बसवलेल्या आट्यांच्या पट्टीत जातात. सगळे एकदम काढले की ती पट्टी खांबात खाली पडते. म्हणून शेवटचा स्क्रू काढण्याआधी पट्टीला तार अडकवून ठेवा.

पिनेच्या बाबतीत माझा आग्रह आहे: जुन्या भोकात फक्त नवी पिन ठोकू नका. झिज भोकालाही झालेली असते, ते लंबगोल झालेलं असतं. भोक रीमरने (भोक नेमकं मोठं करायच्या हत्याराने) गोल करून पुढच्या मापाची पिन बनवून घ्या, किंवा बुश बसवा. लेथवाल्याला पिनेसाठी ईएन-८ सारखं मजबूत पोलाद सांगा. साध्या मऊ सळईची पिन फार दिवस टिकत नाही. जुनी पिन काढताना तिच्या कुठल्या टोकाला खाचा किंवा डोकं आहे ते बघा आणि विरुद्ध टोकावर ठोका. जुन्या बाजारातून किंवा कुर्ल्यातून बिजागरी आणणार असाल तर तुमची जुनी सोबत न्या. डावी-उजवी, वरची-खालची नुसत्या आठवणीवर ओळखू येत नाही.

बिजागरीत लाकडाचा ठोकळा अडकवून दरवाजा दाबायची युक्ती अनेक गॅरेजांत चालते. दरवाजा वर येतो, हे खरं. पण त्यासाठी पान किंवा खांबाचा पत्रा वाकलेला असतो आणि झीज आहे तिथेच राहते. मी तरी माझ्या गाडीवर हे कुणाला करू देणार नाही.

जुळवणी मागून पुढे करा. मागच्या चाकावरचं पॅनल वेल्ड केलेलं असतं, ते हलत नाही. म्हणून आधी मागचा दरवाजा त्याला जुळवा, मग पुढचा दरवाजा मागच्याला. तोवर कुलपाचा खांबावरचा भाग काढून ठेवा. तो लावलेला असला की लोंबणारा दरवाजाही बंद होताना उचलला जातो आणि फटी बरोबर दिसतात. एका वेळी एकाच बिजागरीचे स्क्रू सैल करा. फटी सारख्या झाल्या की कुलपाचा भाग परत लावा.

नवं रबर त्याच दिवशी लावलंत तर दरवाजा लावायला जोर लागेल. त्यासाठी बिजागऱ्या परत सैल करू नका, रबर काही आठवड्यांत दबतं. पिनेला तेल मात्र पहिल्या दिवसापासून द्या, आणि पावसाळा संपला की पुन्हा.