तरतूद म्हणजे खर्च नव्हे: सरकारी हिशेब वाचताना या चुका टाळा

"आमच्या वॉर्डातल्या नाल्यासाठी एवढे कोटी आले होते, ते गेले कुठे?" मुंबईत रहिवाशांच्या बैठकांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो, आणि निघायलाच हवा. पण अनेकदा ते पैसे आलेलेच नसतात. त्यांची फक्त तरतूद झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक हीच. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एका कामापुढे सहसा चार आकडे असतात. 2025-26 चे पुस्तक घेतले तर 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च, 2024-25 चा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि 2025-26 चा अंदाज. बातमी होते शेवटच्या आकड्याची. झालेला खर्च मात्र पहिल्या रकान्यात असतो. म्हणजे 2025-26 मध्ये खरोखर किती खर्च झाला, हे 2027-28 च्या पुस्तकात पाहायचे. राज्याच्या बाबतीत तरतुदीनंतरही वित्त विभाग टप्प्याटप्प्याने निधी सोडतो, मग देयक सादर होते, आणि मुंबईत अधिदान व लेखा कार्यालयाने ते पारित केल्यावर रक्कम खर्ची पडते. वर्षभर अधिवेशनांत पुरवणी मागण्याही (मूळ तरतुदीवरच्या जादा मागण्या) येतात, त्यामुळे मार्चमधला मूळ आकडा धरून बसू नका.

वाढीच्या टक्केवारीचेही तसेच. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. त्यात 14 टक्के वाढ सांगितली गेली, कारण तुलना आधीच्या वर्षाच्या 65,181 कोटींच्या सुधारित अंदाजाशी होती. त्याच वर्षाचा मूळ अंदाज होता 59,955 कोटी. त्याच्याशी ताडून पाहिले तर वाढ 24 टक्क्यांवर जाते. दोन्ही गणिते बरोबर आहेत. टक्केवारी दिसली की कशाच्या तुलनेत, हे आधी विचारा.

तूट एकच नसते. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली तूट (रोजच्या खर्चाला नियमित उत्पन्न कमी पडते ती रक्कम) 45,891 कोटी, तर राजकोषीय तूट सुमारे 1 लाख 36 हजार कोटी होती. राजकोषीय तूट म्हणजे ढोबळमानाने त्या वर्षी घ्यावे लागणारे कर्ज. त्यातून रस्ते, धरणे उभी राहत असतील तर ते समजण्यासारखे आहे. मला जास्त काळजी महसुली तुटीची वाटते, कारण तिथे पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदाने भागवायलाच उसनवारी होते.

पैसा चुकीच्या खिशात शोधणे ही खास मुंबईची चूक. सागरी किनारा रस्ता महापालिकेचा, अटल सेतू एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), वांद्रे-वरळी सागरी सेतू एमएसआरडीसीचा (महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ), मेट्रो 3 केंद्र आणि राज्याच्या संयुक्त कंपनीची. मेट्रो 3 चा पूर्ण खर्च महापालिकेच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. महापालिकेच्या सुमारे 80 हजार कोटींच्या ठेवींवरही अनेकांचा डोळा असतो. पण त्यात भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमाही आहेत. तो सगळा मोकळा पैसा नाही.

कागदावर खर्च दिसतो, जागेवर काम दिसत नाही? मग वैयक्तिक ठेव खात्याबद्दल, म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनामाने कोषागारात असलेल्या खात्याबद्दल विचारा. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून रक्कम अशा खात्यात वळवली जाते. हिशेबात ती खर्ची पडते, प्रत्यक्षात लोकलेख्यात, म्हणजे सरकार केवळ सांभाळते त्या पैशांच्या हिशेबात, पडून राहते. उलटही घडते. राज्याचा हिशेब रोखीवर चालतो, त्यामुळे काम पूर्ण होऊनही कंत्राटदाराचे देयक थकले असेल तर ते त्या वर्षीच्या खर्चात येतच नाही. महापालिकांसाठीची पद्धत उपार्जित (पैसे द्यायचे ठरले की खर्च नोंदवायचा, रोख नंतर गेली तरी), दुहेरी नोंदीची आहे. म्हणून दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करू नका.

लेखाशीर्षाचा, म्हणजे प्रत्येक जमा-खर्चाला दिलेल्या सांकेतिक क्रमांकाचा, पहिला अंक पाहायची सवय लावा: 0 किंवा 1 म्हणजे महसुली जमा, 2 किंवा 3 महसुली खर्च, 4 किंवा 5 भांडवली, 6 किंवा 7 कर्जे, 8 बहुतांशी लोकलेखा. रस्त्यांची डागडुजी 3054 खाली आणि नवे बांधकाम 5054 खाली सापडते. अंतिम आकड्यांसाठी कॅगचे (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) वित्त लेखे आणि विनियोजन लेखे उघडा; मंजूर किती, खर्च किती, परत किती गेले, हे विनियोजन लेख्यांत मागणीनिहाय (विधिमंडळाने मंजूर केलेल्या प्रत्येक अनुदान मागणीप्रमाणे) असते.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना "नाल्यावर किती खर्च केला?" एवढेच लिहू नका. लेखाशीर्ष, मंजूर तरतूद, वितरित निधी, प्रत्यक्ष खर्च आणि 31 मार्चची शिल्लक अशी वेगवेगळी मागणी करा, आणि उपयोगिता प्रमाणपत्राची (निधी ठरलेल्या कामावरच वापरल्याचा दाखला) प्रत मागायला विसरू नका.