पॉट काढून चुंबक बसवला: सिम्युलेटर खुर्चीचा फीडबॅक

छत्रपती संभाजीनगरला घरीच गाडीच्या वायपर मोटारींवर दोन अक्षांची, म्हणजे रेसिंग गेमबरोबर दोन दिशांना झुकणारी, खुर्ची बनवली आहे. मोटारीचा कोन मोजायला १० किलो-ओहमचे पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून बदलणारा रोध) होते. खुर्ची बहुतेक वेळ मध्यावर असते, म्हणून कार्बनची पट्टी नेमकी तिथेच झिजते. त्यात उन्हाळ्यातली आपली धूळ! रीडिंग उड्या मारू लागलं आणि खुर्ची जागच्या जागी थरथरायला लागली.

पॉटच्या जागी एएस५६०० हा चुंबकीय सेन्सर लावला. घासणारा भाग नाही, म्हणून झीजही नाही. दोन्ही सेन्सरचा आय-टू-सी (दोन तारांवरून डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) पत्ता एकच असतो, म्हणून ते एकाच तारेवर ओळखता येत नाहीत; तेव्हा त्यांचं अ‍ॅनालॉग आउटपुट वापरलं; मोटार चालवणाऱ्या अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा जुना कोड जवळपास तसाच चालला. सेन्सरला ३.३ व्होल्ट दिले आणि तेच उनोच्या एरेफ पिनला (मोजमापाचा कमाल व्होल्टेज ठरवणारी पिन) जोडून कोडमध्ये बाह्य संदर्भ निवडला, म्हणजे रीडिंग पूर्ण ० ते १०२३ मिळतं. सेन्सरची डीआयआर पिन (फिरण्याची दिशा ठरवणारी) ग्राउंडला जोडाच, लोंबकळत ठेवू नका.

चुंबक व्यासाच्या दिशेने चुंबकित हवा. लोखंडी शाफ्टवर थेट चिकटवला तर सेन्सरपाशी चुंबकीय क्षेत्र कमी पडतं. म्हणून वाळूजच्या लेथवाल्या काकांनी मधे बसवायला अ‍ॅल्युमिनियमची छोटी टोपी कातून दिली. मध्यावर रीडिंग ५१२ च्या आसपास येईल असा चुंबक फिरवून मगच पक्का करा, नाहीतर १०२३ वरून शून्यावर उडी हालचालीच्या मधेच येते आणि मोटार उलटी धावते.

रीडिंग ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की मोटार बंद, ही ओळ कोडमध्ये हवीच. वर माणूस बसलेला असतो.