१९६९ च्या कॅमारो झेड/२८ चा इंजिन बे मूळ रूपात कसा आणावा

कॅमारो झेड/२८ ही शेवरोलेची अमेरिकी स्पोर्ट्स कार; इंजिन बे म्हणजे बॉनेटखालची इंजिनाची जागा. आधी तिथल्या खुणा वाचा, मग पुसा. प्रेशर वॉशर आणि सँडब्लास्टिंग लांब ठेवा. टर्पेंटाइन, मऊ ब्रश आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन वंगणाचा थर हळूहळू उतरवा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. कारखान्यातल्या तपासणीचे खडूचे आकडे, रंगाचे ठिपके याच थराखाली सापडतात. एकदा धुतले की गेले.

आता धातूत ठोकलेले ठसे. ब्लॉकच्या (इंजिनाच्या ओतीव सांगाड्याच्या) पुढच्या टोकाला, प्रवाशाच्या (अमेरिकी गाडीत उजव्या) बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे सपाट पॅड असतो. त्यावर 'व्ही०११५डीझेड' असेल तर: फ्लिंटचा कारखाना, १५ जानेवारीची जुळणी, झेड/२८ चे ३०२ घनइंची इंजिन. ओतकामाची तारीख ब्लॉकच्या मागच्या कडेवर, प्रवाशाच्या बाजूला: 'ए ८ ९' म्हणजे ८ जानेवारी १९६९. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या) पट्टीवरचा '०१डी' म्हणजे गाडी जुळवल्याचा जानेवारीचा चौथा आठवडा. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, शेवटी गाडी. हा क्रम उलटला तर ब्लॉक त्या गाडीचा नाही. गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भागही त्याच पॅडवर किंवा ऑइल फिल्टरजवळ ठोकलेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मशीन शॉपमध्ये होते. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग तासताना हा पॅडही तासला जातो. ठसा तर जातोच, शिवाय मूळ यंत्रकामाच्या बारीक समांतर रेषाही जातात, आणि जाणकार ठसा खरा की खोटा हे त्या रेषांवरूनच ओळखतो. पॅडला हात लावायचा नाही, हे लेखी द्या.

रंगात हौस आवरा. ब्लॉक, हेड, वॉटर पंप शेवरोले ऑरेंज. ॲल्युमिनियमचा इनटेक (इंजिनात हवा-इंधन नेणारा भाग) बिनरंगाचा, मात्र कडांवर नारिंगी उडालेला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या भागावर) उडालेला रंग पहिल्या काही फेऱ्यांतच जळून जायचा, म्हणून तिथे ओतीव लोखंडच दिसावे. फायरवॉल अर्धचमकी काळी. चकचकीत काळा किंवा पावडर कोटिंग लगेच उघडे पडते. बॉनेटच्या बिजागऱ्यांना रंग नको, राखाडी फॉस्फेटचा थर हवा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघड्या लोखंडाचा, आल्टरनेटर उघड्या ॲल्युमिनियमचा.

होजना टॉवर क्लॅम्प (वर उंचवटा असलेल्या जुन्या घडणीच्या पट्ट्या) लावा, आधुनिक वर्म-स्क्रूचे नकोत. स्पार्क प्लगच्या वायरींवर तिमाही छापलेली असते: जानेवारीतल्या गाडीला '४-क्यू-६८' शोभते, '२-क्यू-६९' नाही.