सिद्ध गोष्ट वाचायची कशी

गुरू नानक आणि नाथ योगी, म्हणजे सिद्ध, यांचा हा संवाद गुरू ग्रंथ साहिबमध्ये रामकली रागात येतो. 938 ते 946 अंग (म्हणजे पानं), 73 पौड्या (म्हणजे कडवी). थेट सुरुवात करू नका. आधी जपजीची, म्हणजे ग्रंथाच्या सुरुवातीला येणाऱ्या नानकांच्या रचनेची, 28वी पौडी वाचा. योग्याचा सगळा सरंजाम तिथे आहे, पण कानातल्या मुद्रेच्या जागी संतोष आणि भस्माच्या जागी ध्यान. नानकांची रीत एका बैठकीत कळते.

मग हातात पेन्सिल घ्या. (छापील भाषांतरावर हं, ग्रंथावर नाही!) बोलणारा कोण हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंच नाही, म्हणून समासात ‘सि’ आणि ‘ना’ अशा खुणा करत चला. सोपी जोडी सातवी-आठवी: लोहारीपा नावाचा योगी म्हणतो, बाजार-वाटांपासून दूर रानात राहावं, कंदमुळं खावीत, तीर्थात न्हावं. नानक बाजारही सोडत नाहीत, वाटही नाही. तिथेच जागं राहा, परक्या घरावर मन जाऊ देऊ नका, म्हणतात. मला हे उत्तर योग्यांच्या नियमांपेक्षा कडक वाटतं.

43व्या पौडीत योग्यांचा ‘तुझा गुरू कोण?’ असा रोकडा सवाल येतो. 44वी उघडण्याआधी स्वतःचं उत्तर लिहून ठेवा. शून्य आणि श्वासाच्या पौड्या पहिल्या वाचनात खुशाल ओलांडा.